तुंग वर चढला

लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची. मावळातल्या पाच किल्ल्यांची पाच नावं एका ओळीत लिहायची, एवढंच काम होतं. जुलै २०२५ मध्ये लोहगड जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्या निमित्ताने एका शाळेने प्रदर्शन भरवलं आणि आठ फुटी फ्लेक्स करून आणायचं काम माझ्याकडे आलं. फ्लेक्स आला, व्हरांड्यात लागला. शुद्धलेखनाची एक चूक नाही, रंगही छान. तरी ओळ वेडीवाकडी. विसापूर आणि तुंग बाकीच्या नावांपेक्षा दोन बोटं वर चढलेले. तिकोना राजमाचीला चिकटायला आलेला. आणि तुंग मध्येच एकटा उभा.

"चालतंय की, वाचता येतंय ना?" असं तिथेच तिघांनी ऐकवलं. मला हे चालत नाही. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर एखाद्या पदाधिकाऱ्याचा चेहरा शेजारच्यापेक्षा बोटभर लहान आला, तर तासाभरात दुकानात फोन वाजतो आणि फ्लेक्स बदलून मिळतो. किल्ल्याचं नाव ओळीतून सुटलं तर एकही फोन येत नाही. म्हणजे सरळ ओळ आपल्याला दिसते, मापही कळतं. ते कुणासाठी वापरायचं, एवढंच आपण ठरवून टाकलंय.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्सच्या दुकानात जाऊन तिथे डिझाइन करणाऱ्या मुलाशेजारी बसलो. कोरलड्रॉ उघडलेलं. १९८९ साली कॅनडात निघालेलं हे सॉफ्टवेअर आपल्याकडे प्रत्येक फ्लेक्सवाल्याच्या दुकानात नुसतं 'कोरल' म्हणून नांदतं. मुलाने पाचही शब्द निवडले आणि बी दाबलं. "बघा काका, बॉटम अलाइन. बॉक्सला बॉक्स लागलाय." खरंच लागला होता. पाचही चौकटींचा तळ एका रेषेवर. त्याने काही चुकवलं नव्हतं. यंत्राने सांगितलेलं काम चोख केलं होतं.

चूक चौकटीत होती. सॉफ्टवेअर शब्द वाचत नाही. शब्दाभोवती अदृश्य चौकट धरतं आणि ती सरकवतं. विसापूरच्या पायाशी दीर्घ ऊकार आहे, तुंगच्या पायाशी ऱ्हस्व. त्या दोन चौकटी खाली लांब. तळ जुळवायचा म्हटल्यावर हे दोन शब्द उकाराच्या टोकावर उभे राहणार आणि त्यांचं डोकं वर जाणार. लोहगड, तिकोना, राजमाची यांना खाली काहीच नाही, ते होते तिथेच राहिले.

"मग टॉप घेऊ," म्हणत त्याने टी दाबलं. आता तुंग एकट्यानेच मान वर काढली. कारण बाकी चौघांच्या डोक्यावर वेलांटी किंवा काना-मात्रा आहे, आणि तुंगच्या डोक्यावर फक्त अनुस्वाराचा ठिपका. ठिपका बुटका असतो, त्याला वेलांटीच्या उंचीला न्यायचं तर अख्खा शब्दच उचलावा लागतो. मग ई दाबून मध्य जुळवला. आता विसापूर एका उंचीवर, लोहगड दुसऱ्या, तुंग तिसऱ्या. तीन बटणं, तीन रांगा आणि तिन्ही चुकीच्या.

मराठी शब्द तळावर उभा राहत नाही, तो शिरोरेषेला टांगलेला असतो. वेलांटी, मात्रा, रफार तिच्यावर, उकार आणि पाय मोडल्याची खूण अक्षराखाली, पण डोळा रेषेवरूनच चालतो. फ्लेक्स येण्याआधी दुकानांच्या पाट्या आणि शाळांच्या भिंती रंगवणारे पेंटर हे जाणून होते. आधी खडूत घोळवलेली सुतळी दोन टोकांना ताणायची, मधोमध चिमटीत उचलून सोडायची. भिंतीवर पांढरी रेघ उमटली की ती शिरोरेषा. अक्षरं त्या रेघेखाली लटकवायची. उकार किती खाली जातो याची चिंता शेवटी.

संगणकात ही सुतळी नाही असं नाही. शब्द टाइप केलेला मजकूर असेपर्यंत, फॉन्ट आणि आकार एकच असेल, तर बेसलाइनने जुळवता येतो आणि शिरोरेषा आपोआप एका ओळीत येते. कोरलमध्ये मजकूर कशावरून जुळवायचा हे निवडायची सोय आहे, इंकस्केप या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही बेसलाइनचं वेगळं बटण आहे. पण आमची नावं दुसऱ्या संगणकावरून कर्व्ह होऊन आली होती. तिकडचा फॉन्ट इकडे नसला की मराठी अक्षरांचं कडबोळं होतं, म्हणून फाइल पाठवण्याआधी सगळे जण मजकूर कर्व्ह करून टाकतात. कर्व्ह झाला की तो मजकूर राहत नाही, नुसता आकार उरतो. मग सॉफ्टवेअरच्या लेखी विसापूर आणि बटाटा सारखेच. त्यातून शब्दाचे तुकडे सुटे केले आणि पुन्हा ग्रूप करायचे राहिले तर वेलांटी एकटीच सरकते.

उपाय दोन मिनिटांचा होता. वरच्या पट्टीवरून एक आडवी गाइडलाइन ओढली, लोहगडच्या शिरोरेषेवर ठेवली, बाकीचे चार शब्द एकेक करून तिला टेकवले. अलाइनचं बटण लागलंच नाही.

आता अंतर. इथे मला थोडं रेंगाळायचंय, कारण सगळ्यात जास्त फलक इथेच बिघडतात आणि बिघडलंय हे सांगता येत नाही. आमच्या फ्लेक्सवर दोन्ही कडा सोडून आत २१८ सेंमी जागा होती. लोहगड ३० सेंमी रुंद, विसापूर ३६, तुंग १६, तिकोना ३२, राजमाची ४४. मुलाने पाचही निवडून शिफ्ट-ई मारलं होतं. हे बटण शब्दांचे मध्यबिंदू समान अंतरावर ठेवतं. मध्यापासून मध्य सव्वापंचेचाळीस सेंमी, चारही वेळा अगदी नेमके. पण मधली मोकळी जागा मोजली तर लोहगड-विसापूर सव्वाबारा, विसापूर-तुंग सव्वाएकोणीस, तुंग-तिकोना सव्वाएकवीस आणि तिकोना-राजमाची सव्वासात. एकाच ओळीत एक फट दुसरीच्या जवळजवळ तिप्पट. यंत्र म्हणतं समान, डोळा म्हणतो नाही, आणि दोघंही खरं बोलतात.

शेजारचं बटण शिफ्ट-पी. ते मध्यबिंदू बघत नाही, फटी बघतं. पाच शब्दांची रुंदी मिळून १५८, उरले ६०, फटी चार, प्रत्येकी १५. बटण दाबलं आणि ओळ श्वास घ्यायला लागली. तो मुलगा चार वर्षं हे काम करतोय. ही दोन बटणं वेगळी आहेत हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दोष मी त्याला देणार नाही. त्याच्यासमोर गिऱ्हाईक "अर्ध्या तासात पाहिजे" म्हणून उभं असतं. प्रत्येक नावाच्या वर किल्ल्याचा एकसारखा फोटो असता तर मात्र मध्यबिंदूच बरोबर ठरले असते, कारण तेव्हा नाव फोटोखाली बसायला हवं. बटणं दोन, त्यातलं कुठलं दाबायचं ते कामाकडे बघून ठरतं.

फ्लेक्सच्या खालच्या अर्ध्या भागात पाच मथळे आणि पाच परिच्छेद होते. तिथे सगळ्या ओळींत सारखंच अंतर. त्यामुळे तिकोन्याचा मथळा वरच्या मजकुराचा शेवट की खालच्याची सुरुवात, कळेना. समान अंतरानेच घोटाळा केला होता. मावळातल्या भातशेतीत याचं उत्तर कधीपासून आहे. डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री लावणीत दोरीवर खुणा असतात, आळीपाळीने १५ आणि २५ सेंमीवर. दोघं जण बांधाच्या दोन टोकांना दोरी धरतात, बाकीचे खुणेवर दोन-तीन रोपांचा चूड लावत जातात. जवळच्या चार चुडांचा एक चौकोन होतो आणि त्याच्या पोटात खताची एक गोळी दाबली जाते. चौकोनांमधली २५ सेंमीची पट्टी मोकळी. कुठली गोळी कुठल्या चार चुडांची, यात गोंधळ नाही. मी त्या मुलाला हेच सांगितलं. मथळा आणि त्याचा मजकूर पंधरावर, पुढचा मथळा पंचविसावर. त्याच्या घरी इंद्रायणी भाताची लावण होते. त्याला एका वाक्यात कळलं, आणि त्याने स्वतःच पाची जोड्या ग्रूप करून मग अंतर वाटलं.

रांग आणि अंतर राखायची ही नजर मावळात त्याहूनही जुनी आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात ३७ खांब आहेत. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा, स्तूपामागे सात साधे अष्टकोनी. दोन हजार वर्षांपूर्वीचं काम. हे एकट्याच्या पैशाने झालेलं नाही. धेनुकाकट नावाच्या गावाहून आलेल्या यवनांनी, व्यापाऱ्यांनी, भिक्खूंनी एकेक खांब दान दिला आणि तसा लेख ब्राह्मीत त्या खांबावर कोरलाय. (ब्राह्मीला शिरोरेषा नव्हती, ती आपल्या लिपीत फार नंतर आली.) दात्याचं नाव आहे, गाव आहे. नावाची अक्षरं लहान, खांबाच्या अंगावर. कुणाचं दान मोठं म्हणून कुणाचा खांब रांगेबाहेर आलेला नाही. दारात उभं राहिलं की नजर दोन्ही रांगांमधून थेट स्तूपावर जाते.

कार्ल्याच्या डोंगरासमोर भाज्याचं लेणं आहे. तिथले २७ खांब आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी मांडवाचे खांब छताचा रेटा पेलायला तसे कलते उभे करत, दगडात कोरताना तो कल तसाच उतरला. तिथे ओळंबा लावला तर प्रत्येक खांब चुकीचा ठरेल. पण सगळे एकाच मापाने कलल्यामुळे लेण्यात पाऊल टाकल्यावर एकही वाकडा वाटत नाही. कार्ल्याच्या एकवीरा देवीच्या पायऱ्यांखाली आणि मळवली स्टेशनच्या रस्त्यावर आज जे फलक लागतात, त्यांच्या दोन्ही बाजूंना ही लेणी उभी आहेत. ज्या मातीत ही नजर होती तिथे "चालतंय की" ऐकलं की मला खरोखर वाईट वाटतं.

गिऱ्हाईक म्हणून आपल्या हातात काही गोष्टी आहेत. नावं कर्व्ह करून पाठवायची तर सोबत टाइप केलेली फाइलही द्यावी. छापण्याआधी स्क्रीनवरचा फोटो मोबाइलवर बघून "ओके" म्हणू नये, कागदावर एक प्रिंट काढायला सांगावी आणि ती भिंतीला लावून आठ-दहा पावलं मागे जावं. आणि दुकानदाराला अर्ध्या तासाऐवजी एक दिवस द्यावा. आमचा फ्लेक्स दुसऱ्यांदा छापला, त्याचे पैसे मी दिले. पहिल्या वेळी कागदी प्रिंट मी मागितली नव्हती, म्हणून तो खर्च माझाच होता.

नव्या फाइलमध्ये सगळं जुळल्यावर मुलगा थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग तुंग निवडून बाणाच्या बटणाने किंचित डावीकडे सरकवला. फटी १५-१५ होत्या, त्या आता नव्हत्या. "काका, 'गा'चा काना सरळ खाली येतो ना, तिथे उभी भिंत होते. डावीकडे 'त' गोल आहे, तिथे जागा जास्त वाटते." मी शब्द पुन्हा बघितला. तुंगमध्ये 'गा' नाहीच, पण 'ग'चा उभा दांडा आहे, आणि त्याला तेच म्हणायचं होतं. मी काही बोललो नाही. तसंच छापलं.

परवा संध्याकाळी त्याचा फोन आला. लोणावळ्यातल्या एका गिऱ्हाइकाचं चिक्कीच्या खोक्याचं काम घेतलं होतं. "शेंगदाणा, काजू, तीळ, खोबरं असं एका ओळीत आहे. शिरोरेषेवर घेतलंय. फटी सारख्या केल्यात. पण तीळ एवढासा शब्द, दोन्हीकडून सुटल्यासारखा दिसतोय. जरा जवळ घेऊ का?"

"प्रिंट काढलीस?"

"काढली. भिंतीला लावलीय."

"मग घे."