रुपयाला चोवीस पैसे

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यातलं पोरगं इंजिनिअर होतं. कुणी भालकीच्याच कॉलेजात, कुणी बिदरच्या गुरु नानकमध्ये, कुणी गुलबर्ग्याच्या पीडीएमध्ये. (गावाचं कलबुर्गी 2014 साली झालं. कॉलेज 1958चं आहे, त्यामुळे जुनी मंडळी अजून गुलबर्गाच म्हणतात.) मग हैदराबाद नाहीतर पुणे. पाच-सात वर्षं नोकरी झाली की पगार एका जागी घुटमळायला लागतो आणि शेजारच्या खुर्चीवरचा कानात सांगतो, ‘पीएमपी करून टाक.’

पीएमपी म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल. परीक्षा घेणारी संस्था अमेरिकेतली, 1969ची. 180 प्रश्न, 230 मिनिटं. परीक्षेला बसायला 35 तासांचं प्रशिक्षण हवं आणि पदवीधर असाल तर प्रकल्प चालवल्याचा 36 महिन्यांचा अनुभव हवा. प्रशिक्षणाचं ठीक आहे, युडेमीवर अँड्र्यू रामदयाल सरांचा कोर्स घेतला की ते तास भरतात. अनुभवाच्या रकान्यात मात्र पोरं फार प्रामाणिकपणे हैदराबादच्या ऑफिसातलं काहीबाही लिहितात. आपण वाढलो तो सगळा जिल्हाच एक चालू प्रकल्प होता, हे कुणी लिहीत नाही.

आता या परीक्षेतले प्रश्न बघा. सामग्री वेळेवर येत नाही, एक स्टेकहोल्डर भडकलाय, टीममध्ये भांडण लागलंय. प्रोजेक्ट मॅनेजरने सर्वप्रथम काय करावं? अ) स्पॉन्सरकडे जावं. ब) ठेकेदार बदलावा. क) परिस्थिती समजून घेऊन संबंधितांशी बोलावं. ड) थांबावं आणि बघावं. डोळे झाकून ‘क’. शिकवणारे सगळे हेच घोकून घेतात, त्याला ‘माइंडसेट’ म्हणतात. स्पॉन्सरकडे धावणारा नापास, माणसं बदलणारा नापास, गप्प बसणारा तर आधीच नापास.

सीमाभागात लहानाचं मोठं झालेल्या माणसाला हे पचायला जड जातं. आमच्याकडे बोअर पाडायचा असो की नाली काढायची असो, सर्वप्रथम साहेबांच्या बंगल्यावर जायचं असतं. म्हणजे ‘अ’. साहेब म्हणतात, ‘बघू की.’ म्हणजे ‘ड’. ठेकेदार कुणाचा पाहुणा आहे ते नंतर कळतं, म्हणून ‘ब’ बाद. राहिला ‘क’, संबंधितांशी बोलणं. ते काम चहाच्या हॉटेलात अखंड चालू असतं. पुस्तकात त्याचंही सूत्र आहे: माणसांच्या संख्येला एक कमी संख्येने गुणा, दोनाने भागा. दहा माणसं असली तर संवादाचे 45 मार्ग. आमच्या हॉटेलात ते 45 मार्ग मराठी, कन्नड आणि दखनीत एकाच वेळी चालतात आणि सगळ्यांवरून एकच निरोप फिरतो: होतंय की!

घरून ऑनलाइन परीक्षा देण्याची सोय आहे. फक्त खोलीत कुणी यायचं नाही, टेबलावर काही ठेवायचं नाही, ओठ हलवायचे नाहीत. पलीकडून माणूस कॅमेऱ्यातून बघत असतो. भालकीच्या घरात जवळजवळ चार तास खोलीत कुणी डोकावणार नाही, असं अमेरिकेत बसून ठरवणाऱ्याला नमस्कार करावासा वाटतो. तयारी म्हणून एकाने रीतसर रिस्क रजिस्टर बनवलं. पहिली जोखीम: वीज. दुसरी: आई. शक्यता: अटळ. परिणाम: परीक्षा रद्द. उपाय: हस्तांतर, म्हणजे धाकट्या बहिणीला दाराबाहेर बसवायचं. सराव परीक्षेच्या तिसऱ्याच प्रश्नाला बहीण आत आली, ‘आई विचारतेय, सुशीला आत्ता खातोस की नंतर?’ त्याने हैदराबादचं सेंटर घेतलं.

पण खरी गंमत गणितात आहे. अर्न्ड व्हॅल्यू नावाच्या प्रकरणाला पोरं फार घाबरतात. उगाच. उदाहरण घरचं घ्यावं, बिदर-कलबुर्गी रेल्वेचं. लांबी 110 किलोमीटर. मंजुरी 1997-98ची. पहिला अंदाज साधारण 370 कोटींचा. पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन 29 ऑक्टोबर 2017ला. तोवर खर्च गेला 1,540 कोटींच्या घरात. अधे-मधे दिल्लीत सरकारं बदलली, बंगळुरूत बदलली, मरगुत्तीजवळच्या डोंगरात बोगदा खोदून झाला, तिकडे मोजणी, इकडे मोबदला. पीएमपीचं प्रमाणपत्र दर तीन वर्षांनी नवं करून घ्यावं लागतं. या लाइनीवर पहिल्या दिवसापासून एखादा पीएमपी असता, तर रूळ जोडले जाईपर्यंत त्याने ते सहा वेळा नवं केलं असतं. (निजामाच्या रेल्वेने विकाराबादहून बिदरला गाडी आणली ती 1930च्या सुमारास. तेव्हा पीएमपी निघायला अजून अर्धशतक होतं.)

आता सूत्र. झालेल्या कामाची मूळ अंदाजातली किंमत घ्यायची आणि प्रत्यक्ष खर्चाने भागायची. येतो तो सीपीआय. एकाच्या खाली गेला की खर्च हाताबाहेर. 370 भागिले 1,540. उत्तर 0.24. रुपया गेला, चोवीस पैशांचं काम झालं. महागाई धरायला हवी म्हणाल, तर धरा. पण महागाईने वीस वर्षं वाढत बसावं यासाठी तिला वीस वर्षं दिली कुणी?

सीपीआय लाजिरवाणा आहे, हे कबूल. आता वेळेचं सूत्र बघा. एसपीआय. झालेल्या कामाची नियोजित किंमत भागिले आजवर व्हायला हवं होतं त्या कामाची नियोजित किंमत. 2005 साली कुणी मांडला असता तर तोही लाजिरवाणाच आला असता. पण उद्घाटनाच्या दिवशी मांडा. व्हायचं होतं ते सगळं काम 370 कोटींचं, झालं ते सगळं कामही 370 कोटींचंच. 370 भागिले 370. उत्तर एक. पुस्तकाप्रमाणे एक म्हणजे काम अगदी वेळापत्रकाबरहुकूम!

यात माझी चलाखी काही नाही, सूत्रच तसं आहे. काम कितीही रखडू द्या, शेवटी पुरं झालं की हा आकडा सुतासारखा सरळ होऊन एकावर येतो. वॉल्ट लिपके नावाच्या अमेरिकन माणसाला हे खटकलं आणि 2003 साली त्याने रुपयांऐवजी महिन्यांत उशीर मोजणारी ‘अर्न्ड शेड्यूल’ पद्धत मांडली. ती आमच्या जिल्ह्यात लागू करा म्हणून अजून एकही मोर्चा निघालेला नाही. निघणारही नाही. जुन्या सूत्राने सगळ्यांचंच भलं होतं.

बिदरचा विमानतळ घ्या. 2020च्या फेब्रुवारीत टर्मिनल झालं, विमान आलं. प्रकल्प पूर्ण, एसपीआय एक. 2023च्या अखेरीस विमान बंद पडलं ते पुन्हा यायला 2025 उजाडलं, पण त्याचा प्रकल्पाशी संबंध नाही, ते ‘ऑपरेशन्स’. परीक्षेत हा फरक हमखास विचारतात. कलबुर्गीच्या विमानतळाची पायाभरणी 2008ची, उद्घाटन 22 नोव्हेंबर 2019चं. अकरा वर्षं. एसपीआय एक.

आणि कलबुर्गीचा स्वतंत्र रेल्वे विभाग? खर्गे साहेब रेल्वेमंत्री होते तेव्हाची घोषणा, म्हणजे 2013-14ची. त्याचाही शेवटी एकच येणार आहे. घाई कशाला करायची?