आधी हलवा, मग लावा

जुन्या कॉम्प्युटरमधला माल नव्यात न्यायची वेळ आली की घरात दोन पक्ष पडतात. पहिला म्हणतो, आधी नीट आवरू, नको ते काढू, मग हवं तेवढंच नेऊ. दुसरा म्हणतो, आहे तसं उचला. पहिला पक्ष ऐकायला शहाणा वाटतो, आणि त्याच्याच घरात जुना डबा टेबलाखाली वर्षानुवर्षं धूळ खात पडून राहतो. मी दुसऱ्या पक्षाचा. हा आळशीपणा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा उल्हासनगरलगतच्या विठ्ठलवाडी स्टेशनला उतरून पूर्वेकडे-पश्चिमेकडे कुठेही चालू लागावं.

उल्हासनगर वसलं ते याच पद्धतीने. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराने सैनिकांसाठी बराकी बांधल्या होत्या. फाळणीनंतर सुमारे १ लाख सिंधी निर्वासित तिथे आले. आधी नकाशा काढू, गटारं आखू, मग माणसं आणू, असं म्हणायला सवड कुणाला होती? माणसं आधी शिरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हासनगर हे नाव मिळालं, म्हणजे फोल्डर आधी भरला आणि नाव मागाहून पडलं. लष्कराने दिलेले नंबर लोकांनी तसेच ठेवले. पत्त्यात आजही कॅम्प, सेक्शन, बॅरक, रूम अशी उतरंड दिसते आणि पोस्टमन तिच्यावरून बरोबर पोचतो. सगळं आहे तसं उचललं तरी जुना पत्ता शाबूत असला की वस्तू सापडते, एवढाच माझा मुद्दा.

आवरणाऱ्यांचा घात नेमका इथेच होतो. दुरुस्तीवाला विचारतो, ‘सी ड्राइव्हमध्ये काही आहे का?’ घरातले एकमुखाने सांगतात, ‘काही नाही, आमचं सगळं डीमध्ये.’ तो सी फॉरमॅट करतो. मग संध्याकाळी लक्षात येतं, की डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं सीमध्येच असतं: सोसायटीचे हिशेब, मुलीचा बायोडेटा, लग्नाचे अर्धे फोटो. आपल्याला काय हवंय हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, हा समज सगळ्यात महाग पडतो. म्हणून निवड करायचीच नाही. सी, डी, ई, जे असेल ते कॉपी करावं. कट नव्हे, कॉपीच; कारण अर्ध्यात वीज गेली तर निम्मा संसार इकडे, निम्मा तिकडे.

यावर पहिला आक्षेप, कचराही बरोबर येतो. येऊ दे. जुनी ८० जीबीची डिस्क नव्या १ टीबीच्या कोपऱ्यात मावते. उलट कचरा काढायचा तर प्रत्येक फाइल उघडून बघावी लागते, आणि लग्नाचा फोल्डर उघडला की दुपार गेली. कॉपीला वेळ लागतो हे खरं. साध्या यूएसबी २.० वरून सेकंदाला ३० एमबी धरले तरी ५०० जीबीला साडेचार-पाच तास; बारक्या फाइली हजारोंनी असल्या तर आणखी. पण ते तास यंत्राचे असतात. पडद्यावरचं ‘उरलेला वेळ’ हे गणित मध्य रेल्वेच्या इंडिकेटरइतकंच श्रद्धेने बघावं आणि जेवून घ्यावं.

दुसरा आक्षेप व्हायरसचा, आणि तो मला मान्य आहे. सायबर कॅफेच्या जमान्यात पेनड्राइव्हवरून एक फोल्डर यायचा, दिसायला फोल्डर आणि शेपटीला ‘ईएक्सई’. तेव्हा प्रोग्रॅम जुन्यातून आणू नयेत, नव्याने टाकावेत. तसेही नुसते कॉपी केलेले प्रोग्रॅम बहुधा चालत नाहीत.

याला मराठी माणसापुरता एक अपवाद आहे, तो फाँटचा. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण जे लिहिलं ते कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा फाँटांच्या भरवशावर. फाइल नव्या कॉम्प्युटरवर सुखरूप पोचते, उघडल्यावर ‘मराठी’च्या जागी ‘ई-जे-के-बी-एच’ अशी इंग्रजी अक्षरं भेटतात. मजकूर बिघडलेला नसतो, फक्त त्याचा चेहरा जुन्या सीमधल्या फाँट्स फोल्डरात राहिलेला असतो. आता सांगा, आवरणाऱ्या पक्षातल्या कुणी तो फोल्डर ‘हवं ते’मध्ये धरला असता?

तिसरा आक्षेप खोचक: असं केलं तर पुढे कुणी कधीच आवरणार नाही. ‘जुना बॅकअप’च्या पोटात ‘जुना डी’, त्याच्या पोटात ‘न्यू फोल्डर २’, असंच राहणार. बरोबर आहे. उल्हासनगरातली वाढीव बांधकामं नियमित करण्यासाठी २००६ साली सरकारला खास अध्यादेश काढावा लागला. म्हणजे आवरायला सुरुवात व्हायलाच अर्धशतकाहून जास्त काळ गेला, आणि तेवढ्यात जीन्सपासून फर्निचरपर्यंतचा धंदा त्याच पसाऱ्यात उभा राहिला. आपल्या डिस्कने तेवढी मुदत मागितली तर बिघडलं कुठे?

कॉपी झाल्यावर जुनी डिस्क लगेच भंगारात देऊ नये. एक तर फॉरमॅट केलेल्यातूनही फाइली बऱ्याचदा दुसऱ्या कुणालाही परत काढता येतात, आणि दुसरं म्हणजे एक प्रत असणं म्हणजे नसल्यासारखंच. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी बदलापुरात शिरली, २०१९ च्या जुलैत पुन्हा. आणि आपल्याकडे सीपीयू ठेवायची जागा ठरलेली, टेबलाखाली, जमिनीवर. तेव्हा दुसरी प्रत वरच्या मजल्यावर, किंवा त्याहून बरं, नाशिकच्या आतेबहिणीकडे. ती उघडून बघेल, हा धोका आहेच. पण लग्नात आहेराची पाकिटं कुणी मोजली आणि कुणी नुसतीच चाचपली, हे तिला एव्हाना ठाऊक असतंच.