मालक, तुम्हाला शुद्ध होती

रा. रा. मालक,
मुक्काम मंगळवेढा (रात्री नऊनंतर मुक्काम हायवेवरचा कुठलाही धाबा)

स. न. वि. वि.

आपलं नाव लिहीत नाही. आपण ते गाडीच्या मागच्या काचेवर नंबरपेक्षा मोठ्या अक्षरात आधीच लिहून घेतलंय. शिवाय रत्नागिरी–नागपूर महामार्गाचं काम झाल्यापासून तालुक्यात आपल्यासारखे मालक बरेच वाढलेत. ज्याला पत्र लागू पडेल त्यानं ते आपलंच समजावं.

परवा चौकात चहा पिता पिता आपण म्हणालात, "काय होतंय? दहा हजार टाकायचे, विषय संपला." आवाज असा होता, की शेजारच्या दोन पोरांनी तिथल्या तिथं रात्रीचा बेत पक्का केला. त्यांच्यासाठी तरी हिशेब पुरा सांगायला हवा होता.

मोटार वाहन कायद्याचं कलम 185. रक्ताच्या 100 मिलिलिटरमागं 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, की पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. 2019 च्या दुरुस्तीआधी पहिल्या खेपेचा दंड फक्त दोन हजारांपर्यंत होता, तेव्हा आपण आणखी मोठ्यानं बोलायचात. मालक, आपण 'किंवा' वाचलंत आणि 'दोन्ही' या शब्दाशी येईपर्यंत डोळे मिटलेत. कलम 20 तर उघडलंच नाहीत. 185 खाली दोषी ठरवलं, की कोर्टाला निदान सहा महिने तरी तुमचं लायसन्स बंद ठेवावंच लागतं.

आता नाकाबंदीतलं आपलं कसब. हवालदारानं मशीन पुढं केलं, "फुंका." आपण गाल फुगवलेत, डोळे वटारलेत, हवा मात्र नळीत सोडली नाही. "नीट फुंका, मालक." दुसऱ्यांदा नळी दातात धरून नाकानं श्वास सोडलात. तिसऱ्यांदा खोकला आला. मग खिशातून फोन निघाला आणि "साहेबांशी बोला" सुरू झालं. इतकी मेहनत कुणी सांगितली होती? विनाकारण नकार दिला तर कलम 205 प्रमाणे तो नकारच तुमच्याविरुद्धच्या पुराव्याला टेकू म्हणून वापरता येतो.

दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठार भुकेल्यांना खुलं केलं, तेव्हा त्याची भरपाई घेऊन पांडुरंग विठू महाराच्या रूपानं बिदरला गेला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. तुमच्या फोनमधले भाऊसाहेब बिदरला जाणाऱ्यांतले नव्हेत. ते रात्री एक वाजता फोन उचलतात, "बघतो" म्हणतात आणि कूस बदलतात.

हं, अटक झाल्यापासून दोन तासांत तपासणी झाली नाही तर सोडावं लागतं, हे तुम्हाला बरोबर माहीत आहे. आपल्याकडं कायद्याचा अभ्यास पळवाटेपासूनच सुरू होतो. रक्त कसं घ्यायचं याचे मुंबई राज्याच्या काळातले, 1959 चे नियम आहेत. सुई टोचण्याआधी कातडी पुसायला स्पिरिट वापरायचं नाही, पाच सीसी रक्त घ्यायचं, ते गोठू नये आणि नासू नये म्हणून बाटलीत औषध घालायचं, वर सील लावायचं. यातलं एखादं कलम डॉक्टर चुकला, की आपले वकीलसाहेब खूश. तोंडाला वास होता, पाय लटपटत होते, एवढ्यानं दारूचा अंमल सिद्ध होत नाही, असं सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात म्हटलंय, 1971 ची गोष्ट. तो निकाल वकीलसाहेबांना पाठ आहे.

पण त्यांनी तुम्हाला एक गोष्ट सांगितलेली दिसत नाही. उद्या ऊस घेऊन चाललेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीत, किंवा कडेनं पंढरपूरला पायी निघालेल्या माणसांत गाडी घुसली, तर तुमचं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: "साहेब, मला शुद्धच नव्हती." स्वतःहून प्यालेल्या माणसाची ही सबब कायदा ऐकत नाही. जुन्या दंडविधानाचं कलम 86, नव्या न्याय संहितेचं 24. तिथं असं धरून चालतात, की न पिता तुम्हाला जेवढी समज असती तेवढी पिऊनही होती. बघा, अख्ख्या तालुक्यात तुम्हाला रात्री बारा वाजता अक्कल असते असं मानणारा एकटा कायदाच! घरातसुद्धा कुणी मानत नाही.

या मानाची किंमत काय, ते मुंबईच्या कार्टर रोडवर कळलं. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे अ‍ॅलिस्टर परेराची गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गेली. सात मेले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयानं हा निष्काळजीपणा मानून सहा महिने कैद आणि पाच लाख दंड दिला. हायकोर्टानं तो सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षं दिली आणि 2012 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. सात जीव, छत्तीस महिने. माणशी पाच महिन्यांच्या आसपास. यावरून तुमचा धीर वाढेल याची मला भीती आहेच. पण आता नुसत्या निष्काळजीपणाच्या मृत्यूलाही पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आधी दोन होती. आणि परिणाम माहीत असून केलंत असं ठरलं तर दहा वर्षांपर्यंत.

निबंध लिहून सुटू, असंही कुणी सांगितलं असेल. 19 मे 2024 ला पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेखाली दोन तरुण इंजिनिअर गेले आणि सतरा वर्षांच्या मुलाला बाल न्याय मंडळानं जामिनाच्या अटीत तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. पुढं रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली, मुलाचे वडील आणि आजोबाही पकडले गेले. तुमचं वय सतरा नाही, मालक. आणि पोराच्या हातात किल्ली देत असाल, तर कलम 199-अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड बापाला आहे, पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

पण मला विचाराल तर कैदेपेक्षा तुम्हाला रान गेलेलं जास्त लागेल. "विमा आहे की" हे आपलं दुसरं आवडतं वाक्य. आपल्या गाडीचा क्लेम पिऊन ठोकल्यावर मिळत नाही. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टानं दिल्लीतल्या एका कंपनीच्या पोर्शेचा क्लेम असाच नाकारू दिला, श्वासाची वा रक्ताची चाचणी झालेली नसताना. मेलेल्याच्या घरच्यांना विमा कंपनी पैसे देईलही, पण मद्यपानाचा बचाव आता तिला कायद्यानंच दिलाय, ती ते तुमच्याकडून परत मागू शकते. नुकसानभरपाईची रक्कम कलम 174 प्रमाणे जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. म्हणजे कागद कलेक्टर कचेरीतून तहसीलला, तहसीलमधून तलाठ्याकडं. ज्या काळ्या रानातल्या मालदांडीचा हुरडा आपण पाहुण्यांना मिजाशीत खाऊ घालता, त्याच्या सात-बाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात बोजा चढेल. बँकेचं कर्ज, सोसायटीचं कर्ज आणि खाली तुमच्या त्या रात्रीच्या दोन क्वार्टर.

तर मालक, समन्स मिळालं असेलच. तारखेला अकराच्या आत या. पुकारा झाल्यावर चहाच्या टपरीवर सापडू नका. "गुन्हा कबूल आहे का?" असं विचारल्यावर मागं वळून भाऊसाहेबांना शोधू नका, ते आलेले नसतात. जामीनदाराला सात-बाऱ्याचा ताजा उतारा आणायला सांगा, त्याचा. तुमचा सध्या राहू द्या. आणि लायसन्स बंद झालं, की येणं-जाणं एसटीनंच ठेवा. बंदी असताना गाडी चालवली तर कलम 182 आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि दंड तोच, दहा हजार.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
रस्त्याच्या कडेनं चालणारा एक मंगळवेढेकर