गंधर्व

बदलापूरहून सुटणाऱ्या सकाळच्या फास्टमध्ये आमचा एक ग्रुप आहे आणि ग्रुपात एक गंधर्व आहेत. गाण्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही. मे महिन्यात आम्ही त्यांना बढती देऊन सवाई गंधर्व म्हणतो, एवढं सांगितलं की पुरे. हे अर्थात पाठीमागे. समोर आम्ही त्यांना 'काका' म्हणतो, तेही शक्यतो श्वास बाहेर सोडताना.

आता तुमच्या डोळ्यांसमोर कुणी दाढी वाढलेला, कळकट माणूस आला असेल, तर तो पुसून टाका. गंधर्वांचा भांग पट्टीने आखल्यासारखा. कपाळावर टिळा. टेरिकॉटच्या शर्टाला अशी कडक इस्त्री, की बाहीच्या कडेने पाव कापावा. पण इस्त्री आणि धुणं ही दोन वेगळी खाती आहेत आणि गंधर्वांनी सगळी तरतूद पहिल्या खात्यावरच केलेली आहे.

त्यात ते स्वच्छतेचे कट्टर पुरस्कर्ते. डब्यात शिरले की आधी रुमालाने सीट पुसणार. त्या रुमालाचा मूळ रंग कोणता, यावर ग्रुपात मतभेद आहेत. त्याने पुसल्यावर सीट जास्त मळते, याबद्दल नाहीत. मग बसून रुळांकडेची घाण बघत "या देशाचं काही होणार नाही" असं म्हणणार. कुणी वडापाव सोडला तर "वास येतो हो" म्हणून तोंड फिरवणार. आणि ठाणं गेलं की, पायांना जरा हवा लागावी म्हणून, बूट काढणार.

त्या क्षणाचं वर्णन मी करणार नाही. पश्चिम रेल्वेवाल्यांचं नशीब थोर. पार्ल्याचा कारखाना 2016 मध्ये बंद पडेपर्यंत त्यांना स्टेशन आलं की भाजलेल्या बिस्किटांचा वास यायचा. आमच्या वाट्याला आधी कळव्याची खाडी आणि लगोलग हे मोजे.

तरी बसलेले गंधर्व परवडले. उभ्या गंधर्वांचा हात वरच्या कडीला जातो, आणि बसलेल्याचं नाक नेमकं जिथे असतं तिथे त्यांची काख येते. लोकलच्या भर गर्दीत एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 माणसं उभी असतात, असा रेल्वेचाच हिशेब आहे. म्हणजे एक काख आणि चौदा-पंधरा नाकं. त्यातलं एकही हलवायला जागा नाही. नाही म्हणायला अशा वेळी लोक मोबाइलमध्ये फार खोल डोकं घालतात.

घामाला माझी ना नाही. शेजारच्या लगेज डब्यात डबेवाले असतात, टोपल्या घेऊन निघालेल्या मावश्या असतात. डोक्यावर ओझं घेऊन जिने चढतात, धावतात, निथळतात. त्यांच्या अंगाला वास आला तर तो कामाचा वास. शास्त्रही त्यांच्याच बाजूचं आहे. ताज्या घामाला जवळपास वास नसतोच; कातडीवरचे जिवाणू त्यावर बसून वेळ घेतात तेव्हा तो तयार होतो. पॉलिएस्टरचं कापड तो सुतीपेक्षा जास्त धरून ठेवतं. गंधर्व पंख्याखाली खुर्चीत बसून काम करतात. त्यांचा घाम ताजा नसतो, तो कैरीच्या लोणच्यासारखा मुरलेला असतो.

पाण्याचंही कारण नाही. आमच्या बाजूला नळाला पाणी यायच्या आधी घर सोडणारी माणसं खूप आहेत. त्यांनी दोन तांब्यांत उरकलं तर कोण बोलेल? गंधर्वांच्या सोसायटीत चोवीस तास पाणी आहे. जाहिरातीत तर स्विमिंग पूलही होता. पण त्यांचं एक तत्त्व आहे : रोज साबण लावला की अंगातलं तेल जातं. ते तेल त्यांनी वर्षानुवर्षं जपलेलं आहे.

सांगायचं कुणी, हा प्रश्न निघाला तेव्हा ग्रुपातला बँकवाला पुढे झाला. कर्जबुडव्यांना गोड बोलून नोटीस द्यायची त्याला सवय. त्याने मोघम सुरुवात केली, "उन्हाळा वाढलाय, काका. गर्दीत घामाचा फार वास येतो नाही?"

"येतो तर!" गंधर्व उसळले. "लोकांना लाज नाही. मी तर सरळ रुमाल लावतो नाकाला." आणि तोच रुमाल त्यांनी लावूनही दाखवला. बँकवाला दारात जाऊन उभा राहिला.

मुद्दा असा की त्यांना खरंच कळत नाही. सतत येणाऱ्या वासाची दखल घेणं नाक थोड्या वेळाने सोडून देतं. अख्ख्या डब्यात ज्याला त्रास नाही असा एकच माणूस, आणि उपाय करायचा तर त्यानेच.

दिवाळीत आम्ही वर्गणी काढून सगळ्यांना उटणं वाटलं. एकट्याला दिलं तर टोचेल, म्हणून ज्यांना गरज नव्हती तेही उटणं घेऊन घरी गेले. भाऊबीजेनंतर गंधर्वांनी सांगितलं, "ते मी वॉचमनला दिलं. त्याला जास्त उपयोग." 2022 च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने मास्क ऐच्छिक केला, आमच्या बाकावर मात्र तो पुढे कित्येक महिने सक्तीचाच होता. "तुमच्यासारखी शिस्त हवी," असं गंधर्वांनी आमचं कौतुकही केलं.

हल्ली त्यांनी एसी लोकलचा पास काढला आहे. बातमी आली त्या दिवशी बँकवाल्याने पेढे आणले. नंतर माझ्या लक्षात आलं की एसीच्या खिडक्या उघडत नाहीत आणि दारं बंद असतात. तिथल्या लोकांनी आपलं काय वाकडं केलं होतं, असंही वाटून गेलं.

परवा दादरच्या पुलावर भेटले. टिळा, इस्त्री, सगळं जागच्या जागी. मी वाऱ्याची दिशा बघून उभा राहिलो आणि विचारलं, "काय काका, एसी काय म्हणतेय?"

"उत्तम! लोक उगाच गर्दी गर्दी म्हणतात. मी उभा राहिलो तरी चारी बाजूंना हातभर जागा असते. आणि माणसं काय सभ्य हो! मी बसलो की शेजारचा लगेच उठून उभा राहतो."