दुष्काळी कामावरचा राजवाडा

दुष्काळात आपल्याकडे पाझर तलाव खणतात, खडी फोडतात. जोधपूरच्या महाराजा उमेदसिंगांनी १९२९ साली रयतेला काम मिळावं म्हणून स्वतःसाठी राजवाडा काढला. खोल्या ३४७! रयतेची काळजी घ्यावी तर अशी ऐसपैस. १९४३ मध्ये बांधकाम उरकलं, १९४७ मध्ये इंग्रज गेले, १९७१ मध्ये तनखेही गेले. आता एका भागात राजघराणं राहतं, एका भागात हॉटेल चालतं आणि उरलेल्यात, म्हणजे संग्रहालयात, आपली बस रिकामी होते.

‘‘पाऊण तास हं, पुढे मेहरानगड आहे!’’ टूर मॅनेजर ओरडतो. घड्याळं, जुन्या मोटारी, फोटो, चला. ‘‘एवढ्या खोल्या झाडायला बायका किती लागत असतील हो?’’ एक काकू विचारतात. अख्ख्या सहलीतला हा एकमेव ऐतिहासिक प्रश्न. गाइडकडे उत्तर नसतं.

जयपूरला चांदीचे प्रचंड हंडे दाखवतात. सवाई माधोसिंग १९०२ साली त्यांतून गंगाजल घेऊन लंडनला गेले, परक्या पाण्यावर भरवसा नको म्हणून. ‘‘काय हे थेर!’’ म्हणत काका मॅनेजरला गाठतात, ‘‘रात्री वरणभात आहे ना?’’