तयार तक्ता, उसने सण

लहान धंद्याने महिनाभराच्या ऑनलाइन पोस्ट आधीच ठरवून ठेवायच्या तक्त्याला कंटेंट कॅलेंडर म्हणतात. तारीख, विषय, फोटो, मजकूर एवढे रकाने भरले की पुरते. फेसबुक-इन्स्टाग्रामवर पोस्ट वेळ लावून ठेवण्याची सोय मेटा बिझनेस सूटमध्ये फुकट आहे. तक्तेही तयार मिळतात, आणि गोची तिथेच होते. तुमसर तालुक्यातल्या आंबागडच्या किराणा दुकानाने असा तक्ता उचलला, तर ९ फेब्रुवारीला चॉकलेट डे दणक्यात साजरा होतो आणि गायमुखची महाशिवरात्रीची यात्रा सुटते. जुलैत गिऱ्हाइकांकडून पावसातल्या सेल्फी मागवल्या जातात; गिऱ्हाईक तेव्हा धानाच्या बांधीत रोवणीला वाकलेले असते. तान्हा पोळा तक्त्यात नसतोच.

वास्तविक पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीला नियोजन शिकवायची गरज नाही. दिवाळीनंतर गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते. गावागणिक दिवस वेगळा. पाहुण्यांना आधी निरोप जातात, रात्री दंडार किंवा नाटक असते, आणि दुकानदार त्या बेताने माल भरून ठेवतो. त्याच्या उधारीच्या वहीत वर्षभराचा कल तारीखवार नोंदलेला असतो. ती वही समोर ठेवून रकाने भरावेत, असे सल्लागार सहसा सुचवत नाहीत. त्यात फी लावायला जागा उरत नाही.

तयार तक्त्यातल्या दर गुरुवारच्या ‘जुन्या आठवणी’च्या पोस्टसाठी मात्र आंबागडला किल्ला आहे. तो सन १७०० च्या सुमाराचा असल्याने पोस्ट आठवडाभर उशिरा गेली तरी चालते.