अधिक नाय चालत, काका

परवा नसरापूरला एका केंद्रावर अर्ज भरायला गेलो. चेलाडी फाट्याजवळ असल्याने तिथे भोरची माणसं असतात, वेल्ह्याचीही. कॉम्प्युटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, ई-मेल सांगा."

माझ्या पत्त्यात नावापुढे अधिक चिन्ह आणि मग 'अर्ज' असतं. टपाल नेहमीच्याच पेटीत येतं, पण आपला पत्ता कोणी कोणाला पुरवला ते समजतं. दुधात पाणी कुठल्या किटलीत पडलं ते कळावं, तसं.

लाल ओळ उमटली.

"अधिक नाय चालत, काका. साधा द्या."

साधा? इंटरनेटचा लेखी नियम ॲटच्या डावीकडे अधिक चिन्ह तर घेतोच, शिवाय उद्गारचिन्ह, टक्का, डॉलर, महिरपी कंस आणि प्रश्नचिन्हही घेतो. टिंबाला तेवढी अट : सुरुवातीला नको, शेवटी नको, दोन शेजारी-शेजारी नकोत. सगळं मिळून फार तर 64 चिन्हं. अवतरणचिन्हांत कोंबलं तर मोकळी जागासुद्धा चालते! पण अर्ज बनवणाऱ्याने तपासणीची ओळ कुठून तरी उचलून डकवलेली असते. तिला अक्षरं, आकडे, टिंब आणि फार तर खालची रेघ एवढंच ठाऊक. बाकी सगळे उपरे.

शेजारच्या आजींकडे ई-मेल नव्हताच. पोराने बिनदिक्कत स्वतःचा टाकला. "सगळ्यांना माझाच टाकतो." म्हणजे अर्ध्या पंचक्रोशीचा पत्रव्यवहार या पोराच्या मोबाइलवर येतो, आणि तो सगळा वैध.

वेल्ह्याच्या पाहुण्यांची तऱ्हा निराळी. त्यांच्या पत्त्यात गावाचं नाव. पण ते व्हीने की डब्ल्यूने, शेवटी ई की ए, हे त्यांनाच आठवेना. मंत्रिमंडळाने 2024 साली तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं. पत्ता मात्र वेल्ह्यातच अडकलेला. देवनागरीत लिहिलं तर व्ही-डब्ल्यूचा घोळ तरी नसता.

मग देवनागरी पत्ता चालतो का? नियमात 2012 पासून बसतो. 2014 साली डॉट भारत आलं, जीमेलही त्याच वर्षी असल्या पत्त्यांशी टपाल देऊ-घेऊ लागलं. राजस्थान सरकारने तर 2017 मध्ये लोकांना हिंदीतले पत्ते फुकट देऊ केले. आपण अभिजात भाषेचा पेढा खाऊन हात पुसले.

मी पोराला म्हटलं, "गंमत म्हणून मराठीत टाक, बघू."

त्याने टाकलं. लाल ओळ पुन्हा आली : कृपया वैध ई-मेल पत्ता लिहा. शुद्ध मराठीत, ऱ्हस्व-दीर्घासकट.

आजी तोवर पावती घेऊन एसटीला गेल्या होत्या.